मेंढपाळ कोणाचा?

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उठतो, आणि उठतो तो बहुधा भांडणाच्या रूपाने. पाळकाची बदली झाली, उपदेशकाचा पगार थकला, किंवा मंडळीत दोन तट पडले, म्हणजे एक म्हणतो, ज्यांनी ह्याला पाठविले त्यांचे ह्याने ऐकावे. दुसरा म्हणतो, ज्यांचे अन्न हा खातो त्यांचे ऐकावे. तिसरा म्हणतो, ज्यांचा हा पाळक आहे त्यांचे ऐकावे. तिघांच्याही बोलण्यात काही तथ्य आहे, आणि म्हणूनच भांडण लवकर मिटत नाही. तर मग मेंढपाळ खरोखर कोणाचा, ह्याचा शांत चित्ताने विचार करणे अगत्याचे आहे.

ह्या विचारासाठी आपण मुंबई बेटावरील रोमन कॅथोलिक मंडळ्यांचा इतिहास पाहू. कोणी विचारील, रोमी पाद्र्याच्या आयुष्याशी आपल्याला काय कर्तव्य? पोपाचा अधिकार, मरीयेची व संतांची प्रार्थना, पाद्र्यापुढे पापांगीकार, ह्या गोष्टी आपण शास्त्राला धरून मान्य करीत नाही, आणि तो भेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु आपल्या प्रभूने दयेचा धडा शिकविण्यासाठी शोमरोनी मनुष्याचे उदाहरण घेतले, ते यहूद्यांना शोमरोन्यांचा धर्म पटत होता म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या शेतात चांगले पीक दिसले तर बांधावरून ते पाहण्यास कोणाची हरकत नसावी. आणि त्याच्या शेतात तण माजलेले दिसले तर आपल्या शेताकडे वळून पाहावे, हे अधिक बरे.

प्रथम कॅथोलिक पाद्र्याचे काम काय असते ते पाहू. इ. स. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मसभेने असा नियम घालून दिला की, धर्मग्रामाच्या पाळकाने आपल्या लोकांतच राहिले पाहिजे. उत्पन्न एका गावचे घ्यावे आणि वस्ती दुसरीकडे करावी, हे चालणार नाही. त्याच सभेने विवाहाची नोंदवही ठेवण्यास सांगितले. म्हणून हा अविवाहित पाद्री देवळाच्या लगतच्या घरात राहतो. सकाळी मिस्सा करतो, मुलाला बाप्तिस्मा देतो, नवरानवरीचे लग्न लावतो, पापांगीकार ऐकतो, मरणाऱ्याच्या कपाळी तेल लावतो, मेलेल्याला मूठमाती देतो, आणि प्रत्येकाचे नाव वहीत लिहितो. गिरगावच्या खोताच्या वाडीतील किंवा दादरमाहीमच्या जुन्या वाड्यांतील मराठी बोलणारी ईस्ट इंडियन कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ लागली म्हणजे त्यांना अखेर अशाच वह्यांकडे जावे लागते. ज्या मजुराचे नाव सरकारदरबारी कोणी विचारले नसते, त्याचे नाव पाद्र्याने लिहून ठेवलेले असते. आपली मेंढरे नावाने ओळखणे हे मेंढपाळाचे पहिले लक्षण प्रभूने सांगितले आहे, हे उपदेशक बंधूंनी ध्यानात आणावे.

आता त्या शेतातील तण पाहू. मुंबई पोर्तुगीजांच्या हाती इ. स. १५३४ साली आली. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी येथे देवळे बांधली. माहीमचे संत मायकेलचे देऊळ त्यांतले फार जुने आहे. दादरचे, ज्याला लोक आजही पोर्तुगीज चर्च म्हणतात, ते १५९६ सालचे. पुढे बेट इंग्रजांकडे गेले; तरी पाद्री गोव्याच्या आर्चबिशपाच्या हुकमतीखाली राहिले, आणि आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाच्या नेमणुकीचा. कारण पूर्वेकडील मंडळ्यांचे पालकत्व पोपांनी त्या राजाला दिले होते. ह्या हक्काला पाद्रोआदो म्हणत.

ईस्ट इंडिया कंपनीला ही परक्या राजाची माणसे आपल्या बेटावर नकोशी झाली. इ. स. १७२० मध्ये मुंबई सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून दिले आणि रोमच्या प्रोपागांदा ह्या मिशनखात्याने पाठविलेल्या कार्मेली पाद्र्यांना त्यांच्या जागी आणले. १७८९ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांच्या हुकमाने कार्मेल्यांना दूर करून गोव्याला अधिकार परत दिला. १७९१ मध्ये तो हुकूम फिरला. शेवटी १७९४ मध्ये मंडळ्यांचीच वाटणी झाली: दादर व माझगाव येथील देवळे गोव्याकडे गेली, आणि मुंबईचे एस्पेरान्सा व माहीमचे संत मायकेल ही रोमच्या प्रतिनिधीकडे राहिली. विश्वास एक, मिस्सा एक, पोप एक; तरी एकाच बेटावर दोन धर्माधिकारी आणि दोन पक्ष. पौलाने करिंथच्या मंडळीला ज्या पक्षभेदाबद्दल खडसावले, तोच येथे उभा राहिला. फक्त पौल आणि अपुल्लोस ह्यांच्या जागी गोवा आणि रोम आले.

हे वैर किती विकोपाला गेले ते १८५३ साली माहीमला दिसले. देऊळ गोव्याच्या पक्षाच्या हाती जाऊ नये म्हणून रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियुस हार्टमान, हे स्वित्झर्लंडचे कापुचीन साधू, स्वतः देवळात जाऊन बसले व दारे बंद करून घेतली. बाहेर विरुद्ध पक्षाने वेढा दिला. सुमारे पंधरा दिवस असे गेले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून देवळाची दारे गोव्याच्या पक्षाला मोकळी करून दिली. ही दुफळी पुढेही चालली. १८८६ मध्ये पोप व पोर्तुगाल ह्यांच्यात करार झाला तरी ती मिटली नाही. १९२८ च्या कराराने दोन अधिकार जाऊन एक झाला. १७९४ पासून मोजले तर १३४ वर्षे झाली. एवढ्या काळात चारपाच पिढ्या जन्मल्या आणि मेल्या.

ह्या इतिहासाला आपले तीन दावेदार लावून पाहू.

पहिला दावा पाठविणाऱ्याचा. पाठविल्यावाचून कोणी उपदेश करावा कसा, हे पौलाने विचारलेच आहे. स्वतःच स्वतःला पाठविणारा उपदेशक बहुधा स्वतःचीच सुवार्ता सांगतो. परंतु पाठविणाऱ्याचे काम मेंढपाळाला मेंढरांकडे पाठविण्याचे आहे. गोवा आणि रोम ह्यांचा वाद प्रत्यक्षात, पाठविण्याचा मान कोणाचा, एवढ्याचसाठी चालला होता. पाठविणाऱ्याला कळपापेक्षा आपला मान मोठा वाटू लागला, म्हणजे त्याच्या दाव्याचा पाया ढासळतो.

दुसरा दावा पोसणाऱ्याचा. मजूर मजुरीला पात्र आहे. पोसणाऱ्याने हिशेब मागावा, हे रास्तच. परंतु कंपनी सरकारने काय केले ते पाहा. १७२० साली मुंबईच्या मेंढरांना कोणत्या वाणीने चारा मिळेल ह्याची चौकशी झाली नाही; कोणता पाद्री आपल्याला सोयीचा, एवढीच चौकशी झाली. आणि ज्यांच्या हाती सत्ता व पैसा असतो त्यांची सोय बदलली म्हणजे मेंढपाळही बदलतो: एकदा इकडे, एकदा तिकडे, मग अर्धा अर्धा. देवळांचेही तसेच. एस्पेरान्साचे देऊळ किल्ल्यासमोरच्या मैदानातून हलवावे लागले. परळला कॅथोलिकांचा मठ व देऊळ होते. ते सरकारने घेतले आणि तेथे गव्हर्नर राहू लागला. पुढे १८९९ साली त्याच वास्तूत हाफकिन साहेबांची प्लेगची लस करण्याची प्रयोगशाळा आली. इमारत आज देऊळ असते, उद्या राजवाडा, परवा दवाखाना. जो पाळक इमारतीचा व पगाराचा झाला, तो ह्या फेऱ्यात सापडला.

तिसरा दावा कळपाचा. हा आपल्या लोकांना सर्वांत गोड वाटतो, कारण आपण प्रोटेस्टंट मंडळीच्या हक्काला मान देतो, आणि तो द्यावाच. कळपाची भाषा ज्याला येत नाही त्याचा आवाज कळपाने ओळखावा कसा? कॅथोलिक देवळांत १९६० नंतरच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दादरच्या मराठी बाईने ती भक्तीने ऐकली, पण किती समजली हे देव जाणे. उलट, गोव्यात साष्टीच्या लोकांत राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेज्वीटाने १६१६ साली ओव्यांत क्रिस्तपुराण छापले, कारण लोकांचे कान कशाने उघडतात हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा कळपाचा हक्क खरा. तथापि माहीमच्या देवळाबाहेर वेढा घालून कोण बसले होते? परके शिपाई नव्हेत. ख्रिस्ताचे नाव घेणारे लोकच. मंडळी म्हणजे सदा निर्दोष पक्ष, असे नाही. ज्याला बहुमताने आपल्या खिशात घातले तो पाळक त्या बहुमताला पापाविषयी बोलू शकत नाही.

म्हणून तिन्ही दावे अर्धे खरे आहेत. मेंढपाळ हा मालक नव्हे, तसा तो कोणा माणसाच्या मालकीचाही नव्हे. मेंढरे ख्रिस्ताची, आणि मेंढपाळही ख्रिस्ताचा. परंतु ख्रिस्ताने त्याला मेंढरांच्या गरजेला बांधून टाकले आहे. त्याने कोणाचे ऐकावे, ह्याचे उत्तर असे: जो त्याला मेंढरांच्या गरजेकडे ढकलतो त्याचे ऐकावे, मग तो पाठविणारा असो, पोसणारा असो की कळप असो, आणि जो त्याला त्या गरजेपासून ओढून आपल्या पक्षाकडे नेतो त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

मेंढपाळ कोणाचा हे बोलण्यावरून कळत नाही, लांडगा आल्यावर कळते. मोलकरी पळतो, कारण त्याला मेंढरांची पर्वा नसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. गिरगाव व वांद्रे येथील गल्ल्यांत त्या दिवसांतले क्रूस अजून उभे आहेत. अशा वेळी आजाऱ्याच्या उशाशी जाणारा मनुष्य कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. तो आजाऱ्याचा असतो. आपल्याच घरचे उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूएल. न्यूएल साहेब १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. हॉल साहेब १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूस दौऱ्यावर असता, जवळचे औषध रोग्यांना वाटून, त्याच रोगाने वाटेत एका खेड्यात वारले. बेल्जियमचे कॅथोलिक पाद्री फादर डेमियन हे मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांत १८७३ मध्ये राहावयास गेले आणि १८८९ मध्ये स्वतः कुष्ठी होऊन मेले. आणि माहीमच्या देवळात पंधरा दिवस कोंडून घेणारे हार्टमान? तेही १८६६ साली पाटण्याजवळ कुर्जी येथे आपले काम करीत असता पटकीनेच वारले. माणूस एकच; त्याच्या पंधरा दिवसांच्या वेढ्याने एकही मेंढरू वाचले नाही, परंतु त्याच्या मरणाने कळपाला कळले की आपला मेंढपाळ पळाला नाही. पंथ कोणताही असो, न्याय करणारा प्रभू ह्यांतली कोणती गोष्ट जमेस धरील, हे आपणांस सांगावयास नको.

लांडगा नसतो तेव्हाही एक कसोटी असते: कळपाच्या हितासाठी जागा सोडता येते काय? १९२८ च्या करारात असे ठरले होते की, मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. म्हणजे ज्यांचा कळप त्यांच्यातला मेंढपाळ होण्याची सोयच नव्हती. १९३७ मध्ये इंग्रज जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स हे त्या जागी आले. त्यांनी पाहिले की, ह्या देशाच्या मंडळीला ह्या देशाचा मेंढपाळ हवा. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे त्यांचे साहाय्यक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स काम त्यांच्यावर सोपवून स्वतः दूर झाले. १९५० मध्ये त्यांनी रीतसर राजीनामा दिला, आणि ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. रॉबर्ट्सना कोणी घालविले नव्हते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपण कमी व्हावे व दुसऱ्याने वाढावे असे म्हटले, त्याच जातीचे हे कृत्य आहे. खुर्चीला मेंढरू समजणाऱ्याला हे साधत नाही.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीतील प्रत्येक घराचे नाव, आजाऱ्याचे नाव, रुसून बसलेल्याचे नाव आपल्या वहीत आहे काय? नसेल तर आपण कोणाचे, हा वाद घालण्याआधी ती वही पुरी करावी. आपल्याला पाठविणाऱ्यांचे पत्र आले तर आदराने वाचावे. पंचांनी हिशेब मागितला तर चोख द्यावा. परंतु एका तटाच्या घरी चहा आणि दुसऱ्या तटाच्या घरी कुलूप, असे आपल्या हातून होऊ नये.

मंडळीतील बंधुभगिनींनो, तुम्हीही आपल्याला विचारावे: आमचा पाळक आम्हांला हवा तो आमच्या आत्म्यासाठी, की आमच्या पक्षासाठी? त्याचा पगार वेळेवर देणे हे तुमचे कर्तव्य आहे. त्या पगाराने त्याची जीभ विकत घेणे हे नव्हे. तो बदलून जाऊ लागला तर त्याला प्रार्थनेने निरोप द्या, आणि नवा आला तर त्याला पहिल्याच दिवशी जुन्या भांडणाची गोष्ट सांगू नका. कोणत्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, तेवढे सांगा. त्याने तेथे प्रथम जावे. मग मुख्य मेंढपाळ प्रगट होईल तेव्हा मेंढरे कोणाची आणि मेंढपाळ कोणाचा, हा प्रश्न कोणालाही विचारावा लागणार नाही.