सुरुवात कुठून करायची? सिगालाच्या सहा दिशा



हल्ली नव्या लोकांचे फोन बरेच येतात. "काकू, मला बुद्धांची शिकवण शिकायचीय. पुस्तक कोणतं घेऊ? शिबिराला नाव कधी देऊ?" विचारणाऱ्या बहुतेक मुली-सुना. आणि मग एक-दोन दिवसांनी हळूच सासूबाईंचा फोन, "आमचा देव्हारा काढावा लागणार का हो?" मला हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ घरांत साधना अडते ती इथेच.

दीघनिकायात सिगालोवाद नावाचं सुत्त आहे. ते सांगितलंय एका संसारी मुलाला. राजगृहात सिगाल नावाचा तरुण भल्या सकाळी आंघोळ करून, ओल्या कपड्यांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करत होता. चार बाजूंना, खाली आणि वर. भगवान भिक्षेला निघाले होते, त्यांनी विचारलं की हे काय करतोस? तो म्हणाला, वडील जाताना सांगून गेले, म्हणून करतो. भगवानांनी त्याची थट्टा केली नाही. एवढंच म्हणाले की आर्यांच्या शिकवणीत सहा दिशांना असा नमस्कार करत नाहीत. "मग कसा करतात?" हे सिगालानंच विचारलं. त्याच्या तोंडून प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं. घरात नव्यानं साधना सुरू करणाऱ्या प्रत्येकीनं एवढं तरी ध्यानात ठेवावं. विचारल्याशिवाय कुणाला उपदेश नाही, सासूबाईंना तर नाहीच!

उत्तर असं. आधी हत्या, चोरी, व्यभिचार आणि खोटं बोलणं सोड. नशा, जुगार, वाईट संगत, आळस यांत पैसा घालवू नकोस. मग सहा दिशा. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे शिकवणारे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुलं, उत्तर म्हणजे मित्र-सोबती, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसं आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, साधुसंत. यांच्याशी नीट वागणं हाच त्या दिशेचा नमस्कार. आणि प्रत्येक नातं दोन्ही बाजूंनी सांगितलंय. मुलांनी आई-वडिलांचं काय करायचं, तसं आई-वडिलांनी मुलांचं काय करायचं तेही.

बायकोच्या बाबतीत नवऱ्याला पाच गोष्टी सांगितल्यात. तिला मान द्यावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि दागिने द्यावेत. (ही पाचवी सांगितली की आमच्या बायकांच्या बैठकीत हमखास हशा पिकतो. पण चौथी जास्त महाग आहे, विचारून बघा.) जे दादा पहाटे तासभर डोळे मिटून बसतात आणि चहाला दहा मिनिटं उशीर झाला की आवाज चढवतात, त्यांची पश्चिम दिशा अजून बाकी आहे.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते खालच्या दिशेबद्दल. तिथेही पाच गोष्टी आहेत. झेपेल तेवढंच काम सांगावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, घरात खास काही केलं तर त्यातलं द्यावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे सांगणं आहे आणि आज आपल्या घरी भांड्याला येणाऱ्या ताईला ताप आला की आपण खाड्याचे पैसे कापतो. पुरणपोळी केली तर तिला दुसऱ्या दिवशीची शिळी देतो. तिचा कप वेगळा. नव्या साधिकेला मी म्हणते, ध्यानाचं आसन घेण्याआधी तो कप बदल. ज्यांच्या घरी आजवर वेगळा कप कधी नव्हता, त्या भाग्यवान.

एका महिन्याला एकच दिशा धरा. सहाही एकदम धरल्या तर आठवड्यात सगळ्या सुटतात.

सोबत रोज दहा मिनिटं आनापान. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुड्यांशी. श्वास जसा येतो-जातो तसा नुसता बघायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नाम-जप जोडायचा नाही. मन पळणारच. पळालं हे कळलं की परत आणायचं, चिडायचं नाही. पुढची विपश्यना मात्र फोनवर किंवा पुस्तकातून शिकायची नाही, त्यासाठी दहा दिवसांचं शिबिरच. पूज्य गुरुजी सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि इथे शिबिरं सुरू झाली, तेव्हापासून पद्धत तीच. पहाटे चारला उठणं, मौन, फोन जमा. फी नाही.

पुस्तक हवंच असेल तर धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' घ्या. गोव्याच्या साखवाळचा हा माणूस बुद्धधर्म शिकायला घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेला. आपल्याला आपल्याच भाषेत घरबसल्या मिळतंय ते अशा लोकांमुळे.

आता देव्हारा. शिबिराच्या दहा दिवसांत पूजा, जप, माळ, उपास सगळं बाजूला ठेवावं लागतं, म्हणजे ही पद्धत निर्भेळ पारखता येते. हे आधीच माहीत असावं. घरच्या देव्हाऱ्याबद्दल शिबिरात कुणी काही करायला सांगत नाही. धर्म बदलायलाही सांगत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेली दीक्षा ही वेगळी गोष्ट. तिथल्या २२ प्रतिज्ञांत जुने देव आणि जुने विधी सोडण्याचा स्पष्ट निर्धार आहे, आणि ज्यांना जातीनं पिढ्यान्‌पिढ्या माणूसपण नाकारलं त्यांच्यासाठी तो निर्धारच मुक्ती होता. आमच्या इंदूरजवळ महूला १४ एप्रिलला लोटणारी गर्दी पाहिली की ते कळतं. त्या दीक्षेला 'शिबिरासारखंच आहे' म्हणून सौम्य करू नका, आणि शिबिराला दीक्षा समजून घाबरू नका.

शिबिराचा फॉर्म भरताना मानसिक आजार असेल, त्याची औषधं चालू असतील, तर ते लिहा. लपवू नका, घरच्यांनीही लपवायला लावू नका. आणि सासूबाईंना फॉर्म आधी वाचून दाखवा, सही नंतर करा.