मध नेमका कोणाचा?



गेल्या काही महिन्यांत आपल्या तरुणांपैकी तिघाचौघांनी मला एकच गोष्ट विचारली: घरामागच्या परसात मधपेटी ठेवावी का? कोणी प्रशिक्षणाची चौकशी करून आला होता, कोणी पेटीची किंमत काढून. त्यांच्यापैकी एकाच्या आईने मात्र भलताच प्रश्न टाकला. "फादर, माश्या मरमर जमा करते अन् आपण काढून घेतो. ही चोरी नाही का?" बाकीचे हसले. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. पेटी ठेवावी की नाही याचे उत्तर या माउलीच्या प्रश्नातूनच काढावे लागेल, म्हणून आज दोन्हींविषयी लिहितो.

वस्तूवरचा हक्क श्रमातून येतो, असे जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडले. ज्याने आपले कष्ट तिच्यात मिसळले, ती त्याची. हे मानले तर माउलीचा मुद्दा बिनतोड आहे. ऐन हंगामातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. तिच्या उभ्या आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा बारावा भाग, असा हिशेब सांगतात. आपण पेटी विकत घेतली आणि सावलीत ठेवली, एवढ्यावर सगळा मध आपला कसा?

रोमन कायद्याने हा विषय वेगळ्या वाटेने सोडवला. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याचे जे पाठ्यपुस्तक तयार करवले, त्यात मधमाश्यांचा मुद्दाम विचार केलेला आहे. माश्या स्वभावाने रानटी. तुमच्या झाडावर बसल्या म्हणून त्या तुमच्या होत नाहीत, जशी झाडावर घरटे बांधणारी पाखरे तुमची होत नाहीत. पोळ्यात घेतल्या की तुमच्या. पण थवा उडून गेला तर तो तुमच्या नजरेत आहे आणि पाठलाग करता येतो आहे तोवरच तुमचा. पुढे ज्याला सापडेल त्याचा. कायदेपंडितांनी कोरडेपणाने लिहिलेला हा नियम मला फार आवडतो. नजर हटली की मालकी संपली! आपल्या बाकीच्या मालमत्तेलाही असा नियम लागू केला तर आपल्यापैकी कितीजणांकडे काय उरेल, कोण जाणे.

आता आपल्या रानाकडे वळू. हेमलकसा-भामरागडच्या जंगलात मध म्हटला की आधी आठवते ते आग्या मोहोळ. उंच फांदीखाली उघड्यावर लोंबणारे एकच मोठे पोळे. ही माशी पेटीत राहत नाही. तिचा मध काढायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे: अंधाऱ्या रात्री पाला-गवताचा पेटता जुडगा घेऊन झाडावर चढायचे, माश्या जाळायच्या, सगळे पोळे कापून खाली आणायचे आणि पिळायचे. त्यात मधाबरोबर अंडी-अळ्याही पिळल्या जातात. एका रात्रीत हजारोंची वसाहत संपते. वर चढणाऱ्याचा जीवही टांगणीला असतो, हे विसरू नका. हौस म्हणून कोणी त्या उंचीवर चढत नाही.

या रीतीला शहरातल्या माणसाने क्रूर म्हणणे सोपे आहे. पण युरोपातले शेतकरी शतकानुशतके हेच करत होते. गवताच्या टोपलीत माश्या पाळायच्या आणि हंगाम संपला की खाली गंधक जाळून सगळी वसाहत मारून मध काढायचा. ते थांबले ते प्रवचनांमुळे नव्हे. १८५१ मध्ये अमेरिकेतले एक प्रोटेस्टंट पाद्री, लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ, यांच्या लक्षात आले की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांच्यामध्ये सहा ते नऊ मिलिमीटरची फट राहिली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. मग लाकडी चौकट उचलून बाहेर काढता येते, मध काढून परत ठेवता येते, कोणाला मारावे लागत नाही. त्याआधी सायलेशियातले कॅथोलिक धर्मगुरू योहान झिएर्झोन यांनी नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात असे १८४५ मध्ये मांडले होते. आणि आपल्या देशातल्या लहान चणीच्या सातेरी माशीला बेताची पेटी बनवली ती फादर न्यूटन यांनी, दक्षिणेत, १९११ ते १९१७ च्या सुमारास. आमच्या जमातीने प्रवचने पुष्कळ दिली, पण माश्यांच्या कामी सुतारकीच जास्त आली, असे गमतीने म्हणावेसे वाटते. पास्काच्या जागरणविधीतल्या मेणबत्तीच्या प्राचीन स्तुतिगीतात मधमाश्यांचा उल्लेख आहे, तोही त्यांच्या कामाबद्दलच.

म्हणजे चांगले वागण्यासाठी नुसती चांगली इच्छा पुरत नाही, कधी कधी ते शक्य करणारी युक्तीही शोधावी लागते. हेमलकशाला हे वेगळे सांगायला नको. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे डॉ. प्रकाश आमटे यांच्यासमोर एकदा शिकारीहून परतणारे माडिया बांधव आले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले. डॉक्टरांनी भुकेल्या माणसांना शिकारीच्या पापावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. प्राण्यांचे अनाथालय असे सुरू झाले. भुकेचा मान राखून सौदा बदलला, एवढेच त्यांनी केले.

मधाच्या बाबतीत तोच बदल आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात झाला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तिथे गावाचे अभ्यासगट चालत. त्यांत मधाचाही विषय आला आणि माश्या न मारता मध काढण्याची पद्धत वर्ध्याच्या डॉ. गोपाळ पालीवाल यांच्या मदतीने गावकऱ्यांनी आत्मसात केली. तिचे मर्म साधे आहे. आग्या माशी मध साठवते तो पोळ्याच्या वरच्या भागात, फांदीलगत एका बाजूला. पिल्ले त्याच्या खाली असतात. संरक्षक पोशाख घालून, बेताचा धूर देऊन फक्त मधाचा तेवढा भाग कापला तर पिल्ले वाचतात, माश्या तोच भाग पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. पिळवणूक नसल्यामुळे मधही स्वच्छ निघतो. (मराठीत "पिळवणूक" हा शब्द किती नेमका आहे!) याच गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. ज्याला उद्याही त्याच झाडाखाली यायचे आहे, तोच पोळे अर्धे ठेवतो. उद्याची खात्री नसलेला माणूस सगळे कापून नेतो, आणि त्याला दोष देण्यापूर्वी त्याची खात्री कोणी काढून घेतली हेही विचारायला हवे.

आता परसातली पेटी. तिच्यात राहते ती सातेरी, जी रानात झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात अंधारात समांतर पोळी बांधते. गाय आपण दावणीला बांधतो. सातेरीला कोणी बांधलेले नसते. पेटीचे दार उघडे असते आणि न पटल्यास ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते. जाणकार याला घरसोड म्हणतात. मुंग्यांचा त्रास, मेणपतंगाच्या अळ्या, फार ऊन, फार हाताळणी, उपासमार, यांपैकी काहीही कारण पुरते. तेव्हा ती राहते आहे हीच तिची संमती, असे कोणी म्हणेल. माझेही मत काहीसे तिकडे झुकते. तरी एक शंका सुटत नाही. ज्याला दुसरीकडे जागा नाही तो भाडेकरूही राहतोच की! जुनी पोखरलेली झाडे तुटली, ढोल्या उरल्या नाहीत, तर माशीचे राहणे हे राजीखुशीचे आहे की नाइलाजाचे? म्हणून पेटी ठेवणाऱ्याने मोहाचे, जांभळाचे, करंजाचे जुने झाड तुटू न देणे हा पेटीचाच भाग समजावा. आणि राणीचे पंख कातरून वसाहत अडकवण्याची युक्ती कोणी शिकवली तर ती शिकू नये. दार उघडे असण्याला मग काही अर्थच उरत नाही.

दुसरी अडचण साखरेची. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सततच्या झडीत माशी बाहेर पडू शकत नाही आणि फुलेही थोडी. ही तिची टंचाई. तेव्हा साखरेचा पाक देतात, आणि उपाशी वसाहतीला तो दिलाच पाहिजे. पण काही पुस्तके असाही हिशेब मांडतात: मध महाग, साखर स्वस्त, तेव्हा मेअखेर सगळा मध काढा आणि पुढे पाकावर भागवा. उपाशी माणसाला पेज देणे वेगळे आणि त्याचा भात काढून घेऊन पेज देणे वेगळे. मध तिने स्वतःच्या टंचाईसाठीच साठवला होता. तिच्या गरजेहून जास्त जे असेल ते आपले, आणि ती गरज आपल्या कर्जाच्या हप्त्यावरून मोजायची नसते. माउलीच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच: वरचा घेतला तर चोरी नाही, शेवटचा घेतला तर आहे. पाकाचा मध "रानचा मध" म्हणून विकणे ही तर खोटी साक्षच. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचे मध तपासले तेव्हा बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली होती.

माशीला दुखते का, हेही एकाने विचारले. २०२२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांना भुंगे लाकडाचे छोटे गोळे काही बक्षीस नसताना पुन्हा पुन्हा लोटताना दिसले, खेळल्यासारखे. एवढ्यावरून सगळे सिद्ध होत नाही. पण चौकट सावकाश बसवायला तेवढे पुरे आहे.

एक सूचना आम्हा उपदेशकांसाठी. पोळ्याचे उदाहरण देऊन "असे एकजुटीने राहा" म्हणताना जपून. टंचाई आली की माश्या नरांना पोळ्याबाहेर हाकलतात. ज्याचा उपयोग संपला त्याला बाहेर काढणारे घर आपल्या धर्मग्रामाने कित्ता म्हणून घेऊ नये. माशीकडून मध घ्यावा, कुटुंबनीती घेऊ नये.

ज्यांनी ठरवलेच आहे त्यांच्यासाठी. पेटी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, म्हणजे वसाहत वाढायला वेळ मिळतो. मधाचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून, मोह-जांभूळ-करंज फुलेपर्यंत. एकट्याने शिकू नका, आधी अनुभवी माणसाबरोबर दोन-चार पेट्या उघडून पाहा. दार पूर्वेकडे, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. पहिल्या वर्षी मध धरूच नका. सातेरीची पेटी चांगल्या वर्षीही पाच-दहा किलोच्या आसपास देते, तेव्हा कर्ज काढून दहा पेट्या घेऊ नका, दोन घ्या. फवारणीच्या दिवसांत शेजाऱ्याशी बोलून ठेवा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तळपाट साफ करा, मेणपतंग तिथूनच सुरू होतो. आणि मे महिन्यात पेटीजवळ पाण्याची परात ठेवाल तेव्हा तिच्यात खडे किंवा काटक्या टाका. नुसत्या पाण्यात माश्या बुडतात.