कागदावर नाव नाही

आपल्या बापजाद्यांना लायसन लागत नव्हतं. मेलेलं ढोर ओढायचं, सरकारचा सांगावा घेऊन गावोगाव धावायचं, तराळकी करायची. त्यासाठी आईच्या पोटातून बाहेर आलं की झालं, परवाना मिळाला. आज रस्ता करायचा, नाला बांधायचा, पाण्याची टाकी उभी करायची तर हापिसात नोंदणी लागते, वर्ग लागतो, डिपॉझिट लागतं. हे चांगलंच झालं. नोंदणी म्हणजे जनतेच्या पैशाला हात लावायची जनतेने दिलेली मुभा. आणि जो देतो त्याला ती काढूनही घेता येते.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. नोंदणीवाल्या ठेकेदाराने काम घेतलं, खालच्या पेटी ठेकेदाराकडून करून घेतलं, वरून बिल उचललं आणि खालच्याला छदाम दिला नाही. तर त्याची नोंदणी काढावी का? की हा दोन धंदेवाल्यांमधला उधारीचा मामला, त्यांनी कोर्टात जाऊन भांडावं, सरकारने आणि चळवळीने त्यात तोंड घालू नये?

रात्रपाळी सुटल्यावर शहाड स्टेशनच्या बाहेर चहा पिताना एका मित्राने मला सरळच विचारलं, पेटी ठेकेदार म्हंजे तरी कोण रे? छोटा शोषकच ना? हा मजुराच्या हजेरीत मारतो, मोठा ह्याच्या बिलात मारतो. चोरावर मोर. आपण काय चोराची वकिली करायची?

बरोबर आहे त्याचं. निम्मं बरोबर आहे. पेटी ठेकेदार नावाचा माणूस मी जवळून बघितलाय. काल मुकादम होता, परवा नाक्यावर उभा राहणारा मिस्त्री होता. बायकोचं डोरलं गहाण टाकून त्याने सेंट्रिंगच्या फळ्या घेतल्या, मिक्सर भाड्याने आणला, परभणी-जालन्याकडची दहा-बारा माणसं उचल देऊन बांधून घेतली. त्याच्याकडे वर्क ऑर्डर नाही. काम तोंडी, दर तोंडी, हिशेब डायरीत. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पण शर्टाच्या आतला माणूस मजुराइतकाच उघडा. आणि त्याचे पैसे बुडाले की पहिल्यांदा कोण बुडतो? त्याच्या खालचे दहा-बारा. त्याची वकिली करावी लागते ती त्याच्यासाठी नाही, त्याच्या पायाखाली जे उभे आहेत त्यांच्यासाठी.

पण मला ह्याहून खोल गोष्ट सांगायचीय. हा उपठेका आपल्याला नवा नाहीच. महारकी म्हंजे दुसरं काय होतं? काम सरकारचं. वसुलाच्या वेळी रयतेला चावडीवर बोलवायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, टपाल न्यायचं, पहारा द्यायचा. आणि मोबदला? थोडी वतनी जमीन, बाकी गावाकडून बलुतं. म्हंजे राबवणारा एक आणि देणारा दुसराच. महाराने तोंड वर केलं की गावाने बलुतं बंद करायचं. मग तो सरकारकडे जायचा, तर सरकार म्हणायचं, तो तुमच्या गावातला मामला. कामाच्या वेळी तू सरकारचा, पगाराच्या वेळी गावाचा. च्यायला, काय हुशारी!

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात 1874 चा वतन कायदा दुरुस्त करणारं बिल आणलं. त्यात त्यांनी काय मागितलं ते बघण्यासारखं आहे. बलुतं बुडवणाऱ्या कुणब्याला तुरुंगात घाला, अशी मागणी त्यांनी केली नाही. बलुत्याचं रोख पैशात रूपांतर करा, तो पैसा शेतसाऱ्याबरोबर वसूल करा आणि महाराच्या हातात द्या, असा त्यांचा रोख होता. पैशाची वाटच बदलायची. ज्याच्या लहरीवर घास अवलंबून आहे त्याला मधून काढायचं. ते बिल पुढे त्यांना मागे घ्यावं लागलं, आणि कनिष्ठ वतनं गेली ती 1958 च्या कायद्याने. तीस वर्षं. पण विचार 1928 चा आहे आणि तो आजच्या नाल्याच्या ठेक्यालाही तंतोतंत लागू पडतो.

दुसरा दाखला दिल्लीचा. 1982 च्या एशियाडसाठी स्टेडियम, पूल बांधले गेले. मजुराची किमान रोजी 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार ती जमादाराच्या हातात द्यायचे, जमादार रुपया कापून मजुराला 8 रुपये 25 पैसे द्यायचा. सरकार म्हणालं, मजूर ठेकेदाराचे, आमचे नव्हेत. सुप्रीम कोर्टाने ते ऐकलं नाही. काम तुमचं, तर कायदा पाळून घ्यायची जबाबदारीही तुमची; किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही घटनेच्या 23 व्या कलमातली वेठबिगारी आहे, असं कोर्टाने ठरवलं. वेठ! आपल्या आज्याच्या तोंडातला शब्द सुप्रीम कोर्टाच्या निकालात.

म्हणून मजुराच्या पगारापुरता तरी कायदा स्पष्ट आहे. ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावा. हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. फक्त आकडा वाढला. पूर्वी 20 कामगारांपासून कायदा लागायचा, महाराष्ट्राने आधीच तो 50 वर नेला होता, संहितेतही 50. आता अकरा माणसं घेऊन काम करणारा त्या जाळ्याच्या भोकातून अलगद खाली पडतो.

आणि पेटी ठेकेदाराचं स्वतःचं बिल? ते पगार नव्हे, ती उधारी. त्यातही एक गंमत आहे, ती ऐका. सरकारी ठेक्याच्या अटींत बहुधा असतंच, की लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येणार नाही. दिलं तर ठेका रद्द, डिपॉझिट जप्त. परवानगी कोणीच घेत नाही. आता हा बुडालेला माणूस हापिसात जाऊन म्हणाला, साहेब, माझे पैसे द्यायला लावा, तर साहेब म्हणतो, म्हंजे काम तू केलंस? मग ठेकाच रद्द होईल, तुला काय मिळणार? शिस्तीसाठी म्हणून केलेली अट अशी बुडालेल्याच्याच तोंडात बोळा कोंबते. शिस्तीचा दांडा आहे, पण तो ठेकेदाराच्याच हातात.

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनचं काम केलं होतं, पैसे थकले होते, डोक्यावर कर्ज होतं. सरकारच्या बाजूने काय सांगितलं गेलं? त्याच्या नावावर आमच्याकडे काम नाही, तो उपठेकेदार असावा. पाणी नळाला आलं ते चालतं. पाइप ज्याने पुरला त्याचं नाव कागदावर नाही म्हणून तो माणूसच नाही. आणि इथे माझा मुद्दा थोडा अडतो, ते लपवत नाही. वरचंच खातं महिनोन्महिने बिल थकवत असेल तर ठेकेदाराला शिस्त कोणत्या तोंडाने लावायची? ज्याच्याकडे नाही तो, आणि ज्याच्याकडे असून देत नाही तो, ह्या दोघांना एकाच दोरीने बांधता येत नाही. पहिला कर्जदार आहे. दुसऱ्याने लोकांच्या मुभेचा चोरीसाठी वापर केला. नोंदणी काढायचीच तर दुसऱ्याची.

पण काढली, पुढे काय? मी कायदा शिकलेला नाही, रेयॉनच्या स्पिनिंग खात्यात सूत बघणारा माणूस आहे, पण एवढं कळतं. नवऱ्याचं नाव काळ्या यादीत गेलं की मेव्हण्याच्या नावाने नवी नोंदणी निघते. हापिसाचं रजिस्टर स्वच्छ झालं, अकरा घरांच्या चुली थंडच. सिगालसुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्यं सांगितली, त्यात जेवण आणि वेतन देणं आहे. ते देणं आहे, दया नाही. देणं दिल्याशिवाय झालेली शिक्षा भुकेल्याच्या कामाची नाही. म्हणून माझं म्हणणं असं: आधी निलंबन. पैसे चुकते होईपर्यंत नवं टेंडर नाही, पुढचं बिल रोखलेलं, डिपॉझिटला हात. देऊन टाकलं तर उठवा. पुन्हा बुडवलं तर कायमचं काढा, आणि मेव्हण्यालाही ओळखा.

आमच्या वस्तीत हे करून बघितलं. नाल्याच्या भिंतीचं काम होतं, पेटी ठेकेदार आमच्यातलाच, मजूर अकरा. मोठा ठेकेदार म्हणत होता, वरून बिलच आलं नाही. मंडळाच्या पोरांनी 2005 च्या माहिती अधिकारात अर्ज टाकला. बिल पास होऊन, पैसे उचलून दोन महिने झाले होते. मग विहारात बैठक झाली. अर्जात लिहायचं ठरलं, की रोखलेल्या पैशातून आधी अकरा जणांची रोजी, मग सिमेंट-खडीची उधारी, शेवटी पेटी ठेकेदाराचा नफा. आणि त्याने हजेरीची डायरी सगळ्यांसमोर उघडायची.

तो उठूनच उभा राहिला. म्हणाला, मी तुमच्याकडे न्याय मागायला आलो का माझी तपासणी करून घ्यायला? एक म्हातारी मागून म्हणाली, बाबा, त्यो वर तुझं नाव लिवत न्हाय, तू आमचं लिवलंयस का बघू दे की. डायरी उघडली. तिघांच्या नावापुढे दिवस अर्धे केलेले होते, पाऊस पडला म्हणून. ते पुरे लिहून घेतले, त्याच्यासमोर, त्याच्याच पेनाने. तो नाराज आहे अजून. असू दे.

अर्ज आत गेल्यावर आठवड्याभरात मोठ्या ठेकेदाराचा माणूस वस्तीत आला. पहिला हप्ता आला, त्यात अकरा जणांची रोजी निघाली. बाकीचं अडकलेलं आहे, निलंबनाचा कागद कुठल्या टेबलावर आहे ते दर सोमवारी जाऊन विचारतो. नऊ जणांनी सह्या-अंगठे करून पैसे नेले. दोघं तोवर काम नाही म्हणून गावाकडे परतले होते. त्यांची पाकिटं विहाराच्या कपाटात आहेत, वर नावं लिहिलेली. एकाचा भाऊ येत्या पौर्णिमेला येतो म्हणालाय. दुसऱ्याचा फोन लागत नाही. नाक्यावर त्याच्या गावचं कोणी आलं की विचारतो.