डोंग्यातील खुर्ची

आमच्या जिल्ह्यास नद्यांची वाण नाही. पूर्वेच्या अंगाने वर्धा व दक्षिणेच्या अंगाने पैनगंगा वाहते, आणि वणी तालुक्यात जुगादजवळ त्या दोघी एक होतात. मधल्या मुलखात अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा या आहेतच. आता ठिकठिकाणी पूल झाले, सडका झाल्या. तरी धरणांच्या फुगवट्याच्या काठी व पुलापासून दूर असलेल्या गावी डोंग्यावाचून आजही चालत नाही. बाजारास जावयाचे, सोयऱ्यांकडे जावयाचे, आदितवारी उपासनेस जावयाचे, तर नावाड्यास हाक मारणे आलेच.

अशाच एका गावाहून तेथील उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले. गावाचे व माणसांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. पत्रातील प्रश्न दिसावयास इतका लहान आहे की प्रथम वाचताना आम्हांस हसू आले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा आले नाही.

त्या गावच्या डोंग्यास मागे इंजिन आहे, आणि सुकाणू धरणारा नावाडी पिछाडीस बसतो. त्याच्या शेजारी एक हातांची लाकडी खुर्ची आहे. इतर उतारू तळफळ्यांवर किंवा आपापल्या गाठोड्यांवर बसतात. खुर्चीवर एकच मनुष्य बसतो. पूर्वी पाटील बसत. पुढे कचेरीचे अंमलदार, मग सरपंच, आणि खरे ते सांगावयाचे तर पाळकसाहेब आले म्हणजे तेही बसत. यंदा उन्हाळ्यात डोंग्याची डागडुजी निघाली तेव्हा सुतार म्हणाला, ही खुर्ची काढावी व तिच्या जागी या कुशीपासून त्या कुशीपर्यंत सागवानी बाक ठोकावा. तरुण मंडळींस हे फार आवडले. देवाच्या लेकरांत खुर्ची कोणाची आणि जमीन कोणाची, असे ते म्हणाले. पण मंडळीतील एका घराने याची मोठी खंत घेतली.

त्या घरातील वृद्ध बंधूंनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. त्यांच्या लहानपणी याच घाटावर त्यांच्या जातीच्या माणसांस इतरांबरोबर डोंग्यात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. सर्व उतरून गेल्यावर, नावाड्याची मर्जी असली तर, शेवटच्या खेपेत त्यांस नेत, आणि नंतर डोंग्यात पाणी ओतून तो धूत. हेच गृहस्थ पुढे लिहावयास वाचावयास शिकले, त्यांनी रात्रीची शाळा चालविली, आणि त्या शाळेत नावाड्याचा मुलगा शिकला. तो मुलगा आज सुकाणू धरतो. काही वर्षांमागे एका आदितवारी त्याने घाटावरच्या सर्व लोकांदेखत म्हाताऱ्या गुरुजींचा हात धरला व त्यांस त्या खुर्चीवर बसविले. तेव्हापासून ते तेथेच बसतात. आता त्यांचा मुलगा विचारतो, ‘आमच्या बाबांची पाळी आली तेव्हाच तुम्हांस समता आठवली काय?’

वाचक बंधुभगिनींनो, या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस सोपे वाटत नाही.

आधी सुताराचे म्हणणे पाहू, कारण तो वादापासून दूर आहे. नाव उलटते ती बहुधा भार वर गेल्याने किंवा एका बाजूस सरकल्याने. खुर्चीवर बसलेल्या मनुष्याचा भार तळफळीवर बसलेल्याहून उंच असतो. खुर्ची ठोकलेली नसेल तर नाव कलली की तीही त्याच बाजूस घसरते, आणि कल आणखी वाढतो. शिवाय इंजिन मागे, नावाडी मागे, खुर्चीही मागे. त्यामुळे पिछाडी दबते, पुढचा भाग उचलला जातो आणि नावाड्यास समोरचे पाणी नीट दिसत नाही. याच्या उलट आडवा बाक जरा पुढे व खाली बसविता येतो. तो नुसते आसन नव्हे. दोन्ही कुशींस धरून ठेवणारा तो आडवा वासाच होय. त्याच्या खाली जीवरक्षक जाकिटेही ठेवता येतात.

हे बारकावे निरर्थक नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. ती तर मोठी आगबोट होती. आमच्याच वर्धा नदीत, वरच्या अंगास वरूड तालुक्यात, १४ सप्टेंबर २०२१ रोजी डोंगा उलटून एकाच गोतावळ्यातील ११ माणसे गेली. पाणी कोणाची जात पाहत नाही व कोणाचा मानही पाहत नाही. म्हणून खुर्चीने नाव डळमळत असेल, तर ती कोणाची आहे हे न विचारता काढिली पाहिजे, येथवर आमचे मन स्वच्छ आहे.

परंतु मानाचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. मान व जीव यांचा झगडा किती खरा आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतःची हकिकत लिहून दाखविले आहे. १९२९ साली ते सरकारी समितीच्या कामानिमित्त खानदेशात फिरत असता चाळीसगावी उतरले. तेथील महार मंडळींनी त्यांस वस्तीवर नेण्यासाठी टांगा आणिला. पण एकही टांगेवाला अस्पृश्यास घेऊन टांगा हाकावयास तयार होईना. वस्ती पायी जाण्याजोगी होती. पण आपल्या थोर पाहुण्याने पायी यावे, हे त्या गरीब मंडळींच्या मनास पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला, आणि ज्यास हाकावयाचे माहीत नाही असा त्यांच्यातलाच एक जण पुढे बसला. पुलावर चाक दगडास अडले. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा व टांगा खाली नदीत पडला. त्यांचा पाय मोडला व कित्येक दिवस अंथरुणास खिळून राहावे लागले. आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे लिहिले. पण त्यांस दोष दिला नाही. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या बसावयास जागा मिळाली नाही, त्यांच्या लेखी आसनाची किंमत काय असते, हे त्यांस ठाऊक होते. शाळेत असता ते स्वतः घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, इतर मुलांपासून दूर बसत.

म्हणून ज्यांच्या घरी चार खुर्च्या आहेत त्यांनी पाचवी खुर्ची मोडावी असे सांगताना जपून बोलावे. पाटील त्या खुर्चीवर बसत होते तेव्हा सुतारास कोणी बोलाविले नाही. अंमलदार बसले तेव्हा भार मागे जातो हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पाळक बसले तेव्हा याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय कोणी उघडला नाही. सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा द्यावी व दरिद्र्यास पायांपाशी बसवावे, या रीतीबद्दल तेथे किती कडक शब्द आहेत! तो अध्याय आमच्या स्वतःच्या खुर्चीस लागतो, हे कबूल करावयास आम्हांसही वेळ लागला. सुधारणा खरी असूनही ती चुकीच्या दिवशी आली, तर ज्याच्यावर ती येते त्यास ती अन्यायासारखीच लागते. मुलाच्या प्रश्नातील काटा हाच आहे, आणि तो नाही असे म्हणणे लबाडी होईल.

तरी मुलाच्या बाजूने सर्वच बोलणे आहे असेही नव्हे. एका मनुष्याच्या मानासाठी बाकीच्यांनी ओल्या फळीवर बसावे, ही व्यवस्था खुर्चीवरील मनुष्य बदलल्याने बदलत नाही. आज गुरुजी बसतात. उद्या ते प्रभूपाशी गेले म्हणजे कोण बसेल? पुन्हा सरपंचच. मंडळीच्या इतिहासात आसनांनी पुष्कळ भांडणे लाविली आहेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेकडील मंडळ्यांस पत्र लिहून जातिभेद सोडा, वेगळे बसणे सोडा असे बजाविले. तेव्हा तंजावर व वेपेरी येथील कित्येक लोक मंडळी सोडून गेले, पण शेजाऱ्याजवळ बसले नाहीत. जब्दीच्या मुलांनी उजवी व डावी जागा मागितली, तीही आठवावी. ते दोघे तर नावेत वाढलेले कोळी होते, आणि नावेत जागा वाटून घेणे त्यांस नवे नव्हते.

येथे एक फरक करणे अवश्य आहे. नावाड्याची जागा ही मानाची नव्हे, कामाची आहे. बाक ठोकला तरी सुकाणूपाशी एकच बसणार, व त्याचे ऐकावेच लागणार. त्यास कोणी विषमता म्हणू नये. तसेच ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्या बाईचे दिवस भरत आले आहेत, त्यांस पाठीस टेका व हातास आधार लागतो. ती गरजेची जागा होय. काम व गरज वगळून जी तिसरी, नुसत्या मोठेपणाची जागा उरते, तिच्याबद्दलच आमचा वाद आहे. गुरुजींच्या बाबतीत गरज व मान हे दोन्ही एकाच खुर्चीत बसले आहेत, म्हणून गुंता झाला.

बाकाचे गुण गाणाऱ्या तरुणांस आणखी एक गोष्ट सांगावी. खुर्चीत एकच मनुष्य मावतो हे तीस स्वतःस ठाऊक असते. बाकास ते ठाऊक नसते. ‘जरा सरका हो’ म्हटले की सहाच्या जागी सात होतात, आणि बाजाराच्या दिवशी नऊ. बंधुभावाच्या नावाने डोंगा बुडविणे काही कठीण नाही. बाक ठोकाल तर त्यावर रंगाने माणसांच्या खुणा करा, आणि खुणा भरल्या की नावाडी नाही म्हणेल तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका.

हे सर्व आम्ही उपदेशक बंधूंस कळविले, आणि आमचे मतही दिले: खुर्ची आजच डोंग्यातून काढावी, कारण पावसाळा तोंडावर आहे, पण बाक कोठे व कसा ठोकावा हे गुरुजींस विचारल्यावाचून ठरवू नये, आणि पंचांनी त्यांच्या घरी जाऊन, इतकी वर्षे आपण गप्प होतो हे आधी कबूल करावे. मुलाच्या प्रश्नास याने पुरे उत्तर मिळते असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या आठवड्यात उत्तर आले. पंच गेले होते, पण गुरुजी वणीस लेकीकडे असल्याने भेट झाली नाही. खुर्ची काढून घाटावरच्या लिंबाखाली ठेविली आहे. बाकाची फळी रंधून तयार आहे, परंतु गुरुजी येईपर्यंत ठोकू नये असे ठरले. तोवर सर्वजण, पाळकसाहेब व सरपंच सुद्धा, तळफळ्यांवर बसून नदी उतरत आहेत, आणि फळ्यांच्या सांध्यांतून अजून थोडे पाणी येते.