वजाबाकीचं पीठ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाची अमेरिकेहून आमच्याकडे आदिलाबादला आली, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. त्या मुलीला सकाळी पॅनकेक लागतात आणि भाची ते घरीच करते. पीठ होल ग्रेनचं, साखर नावाला, वर ब्लूबेरी. बॅगेतून तिने तयार पिठाचं पाकीट आणि सुकवलेल्या ब्लूबेरी आणल्या होत्या. चार दिवसांत दोन्ही संपलं. पाचव्या दिवशी मी डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, ताक घातलं, गूळ घातला, उटनूरकडच्या बाईकडून घेतलेल्या जांभळांच्या बिया काढून गर त्यात कालवला आणि जाडसर धिरडी घातली. मुलीने चार खाल्ली. थोरले भाऊजी समोर चहा घेत बसले होते. ते म्हणाले, "याला पॅनकेक कशाला म्हणायचं? आपल्या धिरड्यात सगळं आहे. पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं."

मी मान डोलावली. मला ते पटलंच होतं. पण दुपारी भांडी विसळताना त्यांचा 'सगळं' हा शब्द परत आला, आणि पुढचे कितीतरी दिवस तो दातात अडकलेल्या तुसासारखा खुपत राहिला.

ज्वारीत तंतू किती, लोह किती, रक्तातली साखर ती कशी सावकाश चढवते, हे आता कुणाला सांगायला नको. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राने ते छापलं. भरडधान्यांवर संशोधन करणारी देशाची संस्था तर आमच्याच तेलंगणात, हैदराबादेत राजेंद्रनगरला आहे. तेव्हा तो भाग सोडते. मला बोलायचं आहे ते दोन शब्दांबद्दल.

भाची म्हणते 'हेल्दी'. माझी आई म्हणायची 'पौष्टिक'. बरीच वर्षं मी हे एकाच अर्थाचे दोन शब्द समजत होते. तसे ते नाहीत. हेल्दी पदार्थाची ओळख त्यात काय नाही यावरून होते: मैदा नाही, साखर नाही, लोणी नाही, अंड्याचा पिवळा भाग नाही. पौष्टिक पदार्थाची ओळख त्यात काय आहे यावरून व्हायची: डिंक आहे, खारीक आहे, खोबरं आहे, तूप आहे. एक वजाबाकीचा शब्द, दुसरा बेरजेचा. बाळंतिणीसमोर ठेवलेला लाडू आणि वजनकाट्यावरून उतरलेल्या माणसासमोर ठेवलेली वाटी, या दोन वेगळ्या काळजी आहेत. पहिलीत शरीर कमी पडेल याची भीती आहे, दुसरीत ते जास्त होईल याची.

आणि 'होल ग्रेन' ही मोठी विलक्षण जागा आहे, कारण तिथे हे दोन्ही शब्द एकमेकांना भेटतात. काही काढलेलं नाही, म्हणूनच सगळं आहे. दाण्याला बाहेरून कोंडा असतो, पोटात पिठूळ भाग, आणि टोकाशी अंकुर. अंकुरात तेल असतं, म्हणून अख्ख्या दाण्याचं पीठ फार टिकत नाही. ज्वारीचं पीठ महिनाभर डब्यात राहिलं की कडवट होतं आणि भाकरी थापताना कडेने चिरते, हे कुठल्याही घरात माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, त्यांनी कोंडा आणि अंकुर वेगळे काढले आणि पांढरंशुभ्र पीठ महिनोन्महिने टिकू लागलं. ते जहाजांतून, आगगाड्यांतून कुठेही पोचू शकलं. टिकाऊपणासाठी दिलेली ती किंमत होती. किंमत किती मोठी हे तांदळाच्या बाबतीत आधी कळलं. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पॉलिशच्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकटच्या तांदळावर पुन्हा उभ्या राहिल्या. त्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आज पाकिटावर होल ग्रेन असं लिहिलेलं असतं तेव्हा अनेकदा दाण्याचे भाग आधी वेगळे करून मग पुन्हा एकत्र केलेले असतात. आमच्या कोपऱ्यावरच्या चक्कीत ते वेगळे होतच नाहीत. दोन दगडांमध्ये जे गेलं ते सगळं खाली आलं.

इथपर्यंत मी भाऊजींच्याच बाजूला होते.

त्या धिरड्यांविषयी थोडं सांगते, कारण पहिल्या दिवशीची धिरडी पोरीने खाल्ली खरी, पण दिसायला ती फार वाईट होती. राखाडी, मधेच शेवाळी हिरवी. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, धिरडं उलटताना मोडतं, म्हणून ते फुगून हलकं व्हावं या आशेने मी सोडा जरा सढळ टाकला होता. जांभळाचा जांभळा रंग आणि ब्लूबेरीचा निळा रंग एकाच घराण्यातले, अँथोसायनिनचे. त्या रंगाला आंबट मिळालं की तो लालसर जांभळा खुलतो, सोड्यासारखं खारं मिळालं की हिरवट पडतो. भाची म्हणाली, "मावशी, माझ्या पॅनकेकमध्येही ब्लूबेरीभोवती हिरवी कडी येते, मला वाटायचं बेरीच खराब आहेत." तीन दिवस आम्ही दोघी त्याच खटपटीत होतो. शेवटी जमलं ते असं: दोन वाट्या ज्वारीच्या पिठातली अर्धी वाटी आधी उकळत्या पाण्यात उकड काढल्यासारखी शिजवून घ्यायची, त्याने बांधणी येते. त्यात उरलेलं पीठ, मूठभर उडदाचं पीठ, लिंबाएवढा गूळ आणि चांगलं आंबट ताक. सोडा अगदी चिमटीत मावेल इतका, तोही शेवटी. आणि जांभळाचा गर पिठात कालवायचा नाही. तव्यावर धिरडं पसरलं की ओल्या अंगावर बोटाने गराचे ठिपके द्यायचे, झाकण ठेवायचं, जाळी पडली की उलटायचं. ठिपके जांभळेच राहतात. पोरगी त्याला 'डॉट पॅनकेक' म्हणू लागली.

त्याच दिवसांत भाचीने मला ब्लूबेरीची गोष्ट सांगितली, मग मी ती वाचली, आणि माझ्या मनातला पहिला तडा तिथे गेला. मला ब्लूबेरी म्हणजे श्रीमंत देशाचं, शीतपेट्यांतून विमानाने फिरणारं फळ वाटत होतं. ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत रानमेवा होतं, आपल्या करवंद-जांभळासारखं. मूळ रहिवासी आणि गरीब लोक ते जंगलातून वेचून आणत. न्यू जर्सीच्या रेताड, आंबट जमिनीच्या पाइनच्या रानात एलिझाबेथ व्हाइट नावाची एक बाई वडिलांच्या क्रॅनबेरीच्या मळ्यात काम करायची. फ्रेडरिक कोविल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्लूबेरीच्या लागवडीवर केलेले प्रयोग १९१० साली प्रसिद्ध झाले. ते वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं. मग तिने रानातल्या लोकांना सांगितलं, सगळ्यात टपोऱ्या फळांचं झुडूप दाखवा, मी पैसे देईन. फळ मोजायला तिने त्यांना भोक पाडलेली मापं दिली, पाऊण इंचाहूनही थोड्या लहान भोकाची. ज्याने झुडूप दाखवलं त्याचं नाव तिने झुडपाला दिलं. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचं नाव 'रुबेल' पडलं, आणि ती जात अजून लावली जाते. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं गेलं.

ही गोष्ट मी दोनदा वाचली. आमच्या काळ्या जमिनीत ब्लूबेरी येणारच नाही. तिला आंबट माती लागते, आमची माती खारीकडे झुकलेली, आणि आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात कडाक्याचा म्हणून ओळखला जात असला तरी त्या झुडपांना पुरेल इतकी लांब थंडी इथे नसते. त्यामुळे ब्लूबेरीशी माझं भांडण मुळातच पोकळ होतं. खरा प्रश्न असा की जांभळासाठी असं भोकाचं माप घेऊन कोण फिरलं? पालघरच्या बहाडोलीकरांनी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ते काही प्रमाणात केलं, 'कोकण बहाडोली' ही जात त्यातूनच आली. आमच्या बाजूला मात्र ज्या बाईकडून मी पळसाच्या पानांच्या द्रोणातली जांभळं घेते, तिला कुठल्या झाडाची फळं मोठी, कुठल्याची लवकर पिकतात, कुठल्याची तुरट, हे सगळं ठाऊक आहे. मीच तिला ते इतकी वर्षं विचारलं नव्हतं. मी फक्त भाव विचारत होते, तोही तेलुगूत, 'नेरेडु पंड्लु एंता?' एवढाच.

आता भाऊजींच्या 'सगळं'कडे येते. आपल्या धिरड्यात सगळं आहे, असं म्हणताना त्यांनी त्यातून किती काढून टाकलं आहे, हे मला हळूहळू दिसू लागलं. पहिली गोष्ट, ज्वारी. आमच्या जिल्ह्यातून ती काही पुरती गेलेली नाही, पण जैनथ, बेला, तामसीच्या शिवारात पावसाळ्यात नजर पोचेल तिथवर कापूसच दिसतो. १९८३ साली एन. टी. रामारावांच्या सरकारने रेशनवर दोन रुपये किलोने तांदूळ दिला आणि ज्या घरांत ज्वारीच्या कण्या शिजत होत्या तिथे भात शिजू लागला. पाखरं हाकायला पोरं राहिली नाहीत, ती शाळेत गेली, आणि ते चांगलंच झालं. रानडुकरांनी उरलेलं केलं. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की बैल जातात, बैल गेले की शेण. पऱ्हाटी गुरं खात नाहीत, ती जाळतात. कोंड्यासकट पीठ म्हणजे अख्खं धान्य, असं मी वर म्हटलं. पण ताटापुरतं म्हणणं झालं ते. शेतात ज्वारीचं धान्य माणसाचं असतं आणि बाकी सगळं उभं ताट गुरांचं. ते काढून टाकलेल्या पिठाला अख्खं म्हणायचं का?

दुसरी गोष्ट, 'आपलं'. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ मार्लवाई गावात राहून गोंडांविषयी लिहीत होते तेव्हा या डोंगरांत ज्वारी पिकवणारे आणि खाणारे मुख्यतः ते होते. त्यांच्या जमिनी हळूहळू बाहेरून आलेल्यांकडे गेल्या, आणि आलेल्यांत मराठी बोलणारेही होते. हे हायमेंडॉर्फ यांनी लिहून ठेवलं आहे. ज्या धान्याला मी आणि भाऊजी आपल्या पूर्वजांचं शहाणपण म्हणतो, ते या मातीत कुणाच्या हाताचं होतं, हे वगळून ते वाक्य उभं राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली, कारण ती आमच्याच स्वयंपाकघरातली आहे. पूर्वजांना ज्वारीचं मोल ठाऊक होतं म्हणतात. पण त्यांनी पाहुण्याला भाकरी वाढली नाही. माझ्या लग्नात पुरी होती, भात होता, भाकरी नव्हती. भाकरी शेतावर जाणाऱ्याच्या फडक्यात. मुलीला स्थळ पाहताना 'तिकडे गहू-भाताचं जेवण आहे' हे सुखाचं लक्षण म्हणून सांगितलं जायचं. आणि पूर्वज म्हणजे कोण? ज्यांना ठाऊक होतं ते ताटावर बसलेले, की पहाटे अंधारात जात्याला बसलेल्या? सासूबाई सांगायच्या, भाताचं आधण ठेवलं की हात मोकळे होतात, भाकरीला माणूस चुलीपुढे बांधलेलं राहतं. दोन रुपये किलोच्या तांदळाबद्दल मी त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द ऐकला नाही. त्या वजाबाकीतून त्यांच्या खांद्याचं दुखणं वजा झालं होतं, ते भाऊजींच्या हिशेबात नाही आणि कालपर्यंत माझ्याही नव्हतं.

म्हणजे मी निघाले होते पॅनकेकला नावं ठेवायला, आणि पोचले भलतीकडेच. आज मला वाटतं, त्या धिरड्याला पोरीने पॅनकेक म्हणावंच. त्या नावाने ज्वारी पहिल्यांदा आमच्या घरात पाहुण्याच्या ताटात आली, कौतुकाने आली, मागून घेतली गेली. जे काम आमच्या सगळ्या अभिमानाने केलं नाही ते त्या परक्या शब्दाने एका सकाळी केलं. भाऊजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्या पुरणपोळीलाही नाव देशील." मी म्हटलं, "भाऊजी, पुरणपोळी पाहुण्याला वाढताना तुम्ही कधी लाजला नाहीत." ते काही बोलले नाहीत, त्यांना पटलं असं मला वाटत नाही.

भाची जुलैच्या सुरुवातीला गेली. जांभळंही संपली. जाताना तिने दोन किलो ज्वारीचं पीठ मागितलं. मी चक्कीवर गेले, तर चक्कीवाला म्हणाला, "अक्का, दोन किलोसाठी दगड बदलता येत नाही, आधीचा गहू मिसळतो. ज्वारी येतेच कुठे आता? दहा किलो तरी आणा." तिला तयार पीठच विकत घेऊन दिलं. त्यानंतर मी आमच्या गल्लीत विचारत फिरले. एक तेलुगू घर, एक आमचं, एक गोंड शिक्षकाचं, आणि मागच्या गल्लीतली एक म्हातारी, जिला दात नाहीत आणि कण्याच लागतात. सगळ्यांची मिळून बारा किलो भरली. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी दुपारी, गव्हाची गर्दी ओसरल्यावर, तो आमची जोन्नलु, म्हणजे ज्वारी, दळून देतो. म्हातारीच्या कण्या आधी, भरड काढून, मग बाकीचं बारीक.