तांबडे पान

लाल पान म्हणजे निरोप, हे आपल्या डोळ्यांना कुणी शिकवले? बहुधा कॅलेंडरांनी. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचे मेपल वृक्ष त्यांतूनच आपल्या भिंतींवर आले. खानापूर तालुक्यातल्या आडवाटेने मार्चमध्ये चालून पाहा. सागाची वाळकी पाने पायाखाली वाजतात आणि मध्येच एखादा कोशिंब अंगभर पेटलेला दिसतो. (कन्नड शेजारी त्याला सागडे म्हणतात.) आमच्या भित्तिपत्रकासाठी दहावीच्या एका मुलाने त्याचेच छायाचित्र आणले. मथळा होता ‘पानगळ’. चित्र देखणे, पण कोशिंबाची ती तांबडी पाने गळायला आलेली नसतात. नुकती फुटलेली असतात.

गंमत अशी, की दोन्हीकडे रंगद्रव्य एकाच कुळातले, अँथोसायनिन. मेपल ते ऑक्टोबरात, गळू घातलेल्या पानात तयार करतो. कोशिंब कोवळ्या पालवीत. क्षणार्धात टिपलेल्या रंगाला मागचे-पुढचे महिने कुठून ठाऊक असणार?

तेव्हा कॅमेऱ्याला खोटारडा म्हणता येत नाही. मथळा मात्र माणूस देतो. ‘सुंदर आहे ना, मग नाव काही का असेना,’ हे मला पटत नाही. ज्या झाडाखालून रोज शाळेत यायचे, त्याचे बारसे आपण सुतक म्हणून छापायचे?

मुलगा म्हणाला, “सर, मला उदास वाटलं, तेही खरंच ना?” खरेच. पण ते त्याच्याविषयी खरे होते.

आता प्रत्येक चित्राखाली झाडाचे नाव, गाव आणि महिना लिहायला लावतो. नाव ठाऊक नसले, तर मुले घरी आजीला विचारून येतात. कधी मराठी नाव येते, कधी कन्नड.