गाडी तीच, अन्न वेगळे

साध्या हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात, तरी ती गाडी जगते केवळ पेट्रोलवर. तिची बॅटरी बाहेरून कधीच चार्ज होत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी गती आणि इंजिनाची जास्तीची ताकद यांवरच ती भरते, आणि या दोन्हींचे मूळ टाकीतल्या इंधनात असते. बॅटरीही लहान असते. 2022 मध्ये आलेल्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात ती 0.76 किलोवॉट-तासांची आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत याच्या दुपटीहून अधिक वीज मावते. अशा गाडीत मोठी बॅटरी, चार्जर आणि भिंतीतल्या सॉकेटला जोडता येणारी वायर बसवली की ती प्लग-इन होते. रोजची जवळची धाव विजेवर निघते, लांबच्या प्रवासाला पेट्रोल हाताशी राहते.

एवढ्या बदलानंतर गाडी तीच राहिली का, हा प्रश्न वरवर कागदपत्रांचा वाटतो. प्रत्यक्षात तो तत्त्वज्ञानातल्या फार जुन्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि रथ हेच त्याचे जुने उदाहरण आहे.

या प्रश्नाचे प्रसिद्ध ग्रीक रूप प्लुटार्कने नोंदवले. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि जहाज तेच की दुसरे यावर विचारवंतांत दोन तट पडले. तिथे लाकूड बदलत होते, जहाजाचे काम मात्र तेच होते. प्लग-इन रूपांतरात याच्या उलट घडते. सांगाडा, चाके, इंजिन, मोटर, आसने सगळे जागच्या जागी राहते आणि बदलते ते पोषण. म्हणून इथे प्रश्न अधिक अवघड होतो: वस्तूचे अवयव कायम राहून ती ज्यावर जगते तेच बदलले, तर तिचे स्वत्व बदलते का?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न माणसाला लावून पाहिला आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्नावाचून फक्त पाण्यावर राहायला सांगतो. त्यानंतर वेद म्हणायला सांगितल्यावर मुलाला काही आठवत नाही. माणूस सोळा कलांचा, त्यातली एकच उरली आहे, असे बाप समजावतो. काजव्याएवढा उरलेला निखारा फार काही जाळू शकत नाही. जेवल्यावर तोच पुन्हा पेट घेतो आणि श्वेतकेतूला सगळे आठवते. स्मृतीसारखी आतली, आपली वाटणारी गोष्टही अन्नावर उभी आहे, हे इथे युक्तिवादाने न सांगता प्रयोगाने दाखवले आहे. तरी उपवासाआधीचा आणि नंतरचा श्वेतकेतू निराळे ठरत नाहीत. अन्न हे असण्याची अट आहे. ओळख त्यापलीकडे कशावर तरी टिकते. ते नेमके काय, याबद्दल भारतीय दर्शनांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण हे मत धरले की किंमतही मोजावी लागते. वस्त्रातला एक धागा काढला तर आधीचे वस्त्र नष्ट होते, उरते ते दुसरे, खंडपट. या हिशेबाने मूळ बॅटरी काढून मोठी बसवली त्या क्षणी जुनी गाडी संपली आणि नवी जन्मली. मग टायर बदलला तरी तेच म्हणावे लागेल. तर्क चोख आहे, पण त्यावर व्यवहार चालणे कठीण. जैन दर्शन अधिक सहज वाट काढते: जे आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि टिकाव तिन्ही एकाच वेळी असतात; पर्याय बदलतात, द्रव्य राहते. मोटारीच्या बाबतीत मात्र द्रव्य कोणते धरायचे, हा प्रश्न उरतोच.

बौद्धांचे उत्तर सर्वांत धारदार आहे. ‘मिलिंदपञ्हा’त यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्यालाच विचारतो, रथ म्हणजे दांडा का? आस का? चाके का? की या सगळ्यांचा ढीग? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या अवयवांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. बहुतेक वाचक इथेच थांबतात आणि बौद्धमताने वस्तू म्हणजे केवळ नाव, असा निष्कर्ष काढतात. तो अपुरा आहे. त्याच ग्रंथात पुढे आंबेचोराची गोष्ट येते. आंबे चोरताना पकडलेला माणूस म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. मग मी चोर कसा? राजा स्वतःच सांगतो की तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांपासूनच आले. थंडीत शेकोटी पेटवून ती न विझवता निघून जाणाऱ्याचीही अशीच गोष्ट आहे: शेजाऱ्याचे शेत जळाले तर ‘मी सोडली ती आग वेगळी’ हे म्हणणे चालत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी ना तीच, ना दुसरी; पण एकीतून दुसरी निघाली आहे, आणि उत्तरदायित्व त्या ओघाबरोबर पुढे जाते.

ओळख अवयवांत सापडत नाही, नुसत्या नावातही मावत नाही. ती टिकते कोण कशाबद्दल जबाबदार आहे, या न तुटलेल्या साखळीत. रूपांतरित मोटारीचा प्रश्न या कसोटीवर बराचसा सुटतो.

ही साखळी कायद्यात कशी दिसते, ते अहिल्यानगरात पाहता येते. शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावर, नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. एक्साइडचा बॅटरी कारखाना तिथे आहे. याच शहरात संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन व विकास संस्था, व्हीआरडीई, आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खाली गाड्यांची चाचणी घेऊन मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. चालू गाडीला नंतर बसवायच्या हायब्रिड किंवा पूर्ण विजेच्या किटसाठी एआयएस-123 हे मानक आहे. किट कोणत्या वाहनासाठी, हे ठरवून त्याला मान्यता मिळते. कुठल्याही गॅरेजात कुठलेही किट बसवणे कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालते, आणि मान्य फेरफाराची नोंद आरसीत करावी लागते. चेसिस नंबर मात्र तोच राहतो. गाडीवरचा जुना दंड, कर्ज, अपघाताचा खटला, विम्याची जबाबदारी सगळे त्या नंबराला चिकटून पुढे येते. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, तरी तिथली एमएच-16 ची पाटी लावलेली गाडी आणि तिच्यावरचे देणे जसेच्या तसे राहिले.

ही साखळी तुटली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. हायब्रिडचे प्लग-इन रूपांतर करण्याची चळवळ कॅलिफोर्नियात 2004 मध्ये सुरू झाली. कॅलकार्स या गटाने टोयोटा प्रियसच्या डिकीत लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवल्या. प्रियसच्या मूळ बॅटरीची क्षमता सुमारे 1.3 किलोवॉट-तास, म्हणून एकट्या विजेवर ती फार दूर जात नसे. बॅटरी नेहमी भरलेलीच आहे असे गाडीच्या संगणकाला भासवले की तो विजेचा वापर वाढवतो, ही या रूपांतरातली मुख्य युक्ती होती. गाडीची स्वतःच्या शरीराबद्दलची जाणीवच बदलून तिचे वागणे बदलले जात होते. 2008 मध्ये अमेरिकेत अशीच रूपांतरित केलेली एक प्रियस पेटली. जोडणीतला ढिलेपणा हे कारण तपासात पुढे आले. पेटलेली गाडी मूळ कंपनीची म्हणावी की रूपांतर करणाऱ्याची? हा प्रश्न सत्ताशास्त्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर नागसेनाच्या शेकोटीजवळच सापडते: ज्याने शेवटची जोडणी केली, आग त्याच्यापर्यंत मागे जाते. हायब्रिडमधल्या जास्त विद्युतदाबाच्या वायरींना नारिंगी आवरण असते ते याचसाठी. वायरिंगला हात घालणाऱ्याला ती जबाबदारी आधी डोळ्यांना दिसावी.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला. पुण्याच्या केपीआयटीने 2010 मध्ये भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ हे किट जाहीर केले: साध्या गाडीत विजेची मोटर आणि सॉकेटवर चार्ज होणारी बॅटरी. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या टिकवून त्यांचे इंधन कमी करण्याची ती कल्पना होती, आणि नवी गाडी घेण्यापेक्षा आहे तीच सुधारण्यातला नैतिक आग्रह त्यात स्पष्ट दिसत होता.

धर्माच्या क्षेत्रात या आग्रहाला जीर्णोद्धार म्हणतात. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी अहिल्यानगर जिल्ह्यातच, जामखेड तालुक्यात आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी 1780 च्या सुमारास पुन्हा उभारले. जीर्णोद्धारात मूर्तीतली दैवी कला आधी कलशात आकर्षून घेतात, काम चालू असताना कलशाची पूजा होते, आणि काम संपल्यावर ती कला परत मूर्तीत आणतात. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात तर लाकडाची मूर्तीच नवी घडते. गेले नवकलेवर 2015 मध्ये झाले. तरी देव बदलला असे कोणी भक्त मानत नाही. सेवेचा ओघ चालू राहतो, एवढे त्याला पुरते. न्यायालयांनीही हे सूत्र उचलले आहे: मूर्ती भंगली तरी ज्या धर्महेतूने ती स्थापली तो हेतू आणि त्याच्या नावचे दान नष्ट होत नाही.

मोटारीला मात्र हा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. देवळाच्या सेवेत प्रवाह एकाच दिशेने चालतो. प्लग-इन गाडीत बाहेरचे एक नवे नाते जोडले जाते. नागापुरातल्या घरी सॉकेटला लावलेली गाडी राज्याच्या वीजजाळ्यावर येते, आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. मालकाच्या गाडीतून जो धूर निघत होता, त्याचा काही भाग चंद्रपूर किंवा परळीच्या चिमणीतून निघतो. म्हणून रूपांतर व्यर्थ ठरत नाही. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, आणि छतावर सौर पॅनेल असतील तर हिशेब आणखी बदलतो. पण गाडी शुद्ध झाली, हा दावा मात्र टिकत नाही. अन्न बदलले की त्या अन्नामागची सगळी साखळीही ताटात येते, आणि हे नाकारणारा नागसेनाच्या आंबेचोराचाच युक्तिवाद करत असतो.

प्लुटार्कच्या कोड्यात हॉब्जने 1655 मध्ये एक भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? रूपांतरातही मूळ बॅटरी कधीकधी बाहेर निघते. तिच्यात निकेल किंवा लिथियम असते, आणि ती गाडीला पुरेनाशी झाली तरी साठवणीच्या कामाला चालते. ‘खरी गाडी’ म्हणून तिच्यावर कोणी हक्क सांगणार नाही, पण तिचे देणे संपलेले नसते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते देणे उत्पादकाकडे दिले आहे, आणि वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी सोपवण्याचे काम वापरणाऱ्याकडे ठेवले आहे.